वीतभर गजऱ्याचा सिनेमा

सिनेमा चांगला होता की वाईट, हे मला सिनेमा संपल्यावर गजऱ्याकडे पाहून कळतं.

आमचा फुलांचा धंदा आहे. नांदगाव पेठेच्या रस्त्याला थोडं शेत आहे, त्यात झेंडू, शेवंती आणि उन्हाळ्याचा मोगरा. मुलीचे बाबा सकाळी फुलं घेऊन अमरावतीच्या बाजारात जातात आणि मी घरी टीव्हीसमोर बसून गजरे बांधते. समोर ओल्या फडक्यावर कळ्या, हातात दोरा. तीस वर्षं हेच केल्यामुळे हातांना आता माझी गरज लागत नाही. ते आपले बांधत राहतात आणि मी सिनेमा पाहते. सिनेमा कंटाळवाणा असला की हात सुसाट चालतात आणि संपेपर्यंत चार-पाच हात गजरा पायाशी वेटोळं करून पडलेला असतो. सिनेमा चांगला असला की बोटं मधेच थांबतात, कळी बोटांत तशीच राहते, दोरा मांडीवरून घसरतो. सिनेमा संपल्यावर पाहावं तर गजरा वीतभर. त्या दिवशी धंदा बसला, पण सिनेमा चांगला होता.

मुलगी शाळेतून आली की आधी माझ्या पायाशी पाहायची.

"आज किती?"

"चार हात."

"मंग रविवारी परत लागला त मी नाई पाहत," म्हणून दप्तर टाकायची.

माझी मतं ठाऊक असलेली ती एकटीच. मला चारचौघांत बोलता येत नाही. कोणी विचारलं, कसा होता सिनेमा, की मी म्हणते, चांगला होता. देवळातल्या कीर्तनापासून लग्नातल्या वरणापर्यंत मला सगळं चांगलंच असतं. तेवढं म्हटलं की लोक पुढे विचारत नाहीत.

मी चौथीपर्यंत शिकले. माहेर तिवशाजवळचं, आणि पाचवीचा वर्ग तिवशाला होता, म्हणून चौथीनंतर मी बागेत. पण वाचायचं सुटलं नाही, कारण फुलं जुन्या पेपरात बांधतात. सिनेमाचं पान आलं की मी ते बाजूला काढून ठेवते. ते ओलं असतं, कधी फाटकं असतं, त्यामुळे कितीतरी सिनेमे मला अर्धेच माहीत आहेत. एका पानावर "मात्र शेवटी नायिका" एवढं छापलेलं होतं आणि पुढे कागदच नव्हता. त्या नायिकेचं काय झालं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी मात्र त्या सिनेमाला चांगल्यात धरते.

ही वही मुलीची आहे, कॉलेजातली, मागची पानं कोरी राहिली होती. कोणी वाचणार नाही, तेव्हा इथे मला "चांगला होता" म्हणायची गरज नाही.

तर फुलांपासूनच सुरू करते. सिनेमात नायक-नायिका झेंडूच्या शेतात नाचतात. नाचता नाचता त्यात लोळतात. लोकांना म्हणे ते गाणं फार आवडतं. मला गाणं ऐकूच येत नाही. मला दिसतो दसऱ्याच्या तोंडावर आलेला झेंडू, आणि ही बाई त्यात लोळते आहे. ज्याचं शेत आहे तो माणूस कुठे गेला? एकदा तरी त्याला काठी घेऊन येताना दाखवावं. लग्नाच्या पहिल्या रात्रीच्या पलंगाचंही तसंच. चारी बाजूंनी फुलांच्या माळा लोंबत असतात. मी त्या मोजते. एकदा साठ भरल्या. नायक आत येतो, एका हाताने माळा बाजूला सारतो, तीन तुटतात. त्यापुढे ती दोघं काय बोलतात याकडे माझं लक्षच नसतं. माझं मन त्या साठ माळा बांधणाऱ्या बाईकडे असतं.

दुसरं म्हणजे, शहरातून आलेला नायक एका गाण्यात अख्ख्या गावाला शेती शिकवतो. गाण्याच्या सुरुवातीला जमीन भेगाळलेली आणि शेवटी कणसं डोक्याइतकी. मग नायक येण्याआधी गाव इतकी वर्षं काय करत होतं? आणि नायिका कापूस वेचते ती लाल रंगवलेल्या नखांनी. बोंडाच्या टोकांनी बोटं कशी सोलतात ते तिला कोणीतरी सांगायला पाहिजे होतं.

मुलीच्या बाबांना मारामारीचे सिनेमे आवडतात. दक्षिणेकडचे, हिंदीत बोलवलेले. नायक एक ठोसा मारतो, दहा माणसं आभाळात जातात आणि एकाचीही चप्पल पायातून निघत नाही. मी एकदा हे बोलून दाखवलं.

"तू चपला पाहून राहिली काय?" ते म्हणाले.

मग काय पाहू? त्या अख्ख्या सिनेमात ओळखीची वस्तू तेवढीच होती. तरी हे सिनेमे दोन हातांचे असतात. म्हणजे बरे.

एका सिनेमाच्या वेळी मात्र एक कळीसुद्धा बांधली गेली नाही. त्यात एक म्हातारी असते. जन्मभर तिने बसच्या स्टँडवर दुसऱ्यांना विचारलं, ही गाडी कुठे जाते. शेजारची मुलगी तिला अक्षरं शिकवते. शेवटी ती स्टँडवर उभी राहते, बोट फिरवत बोर्ड वाचते, आपल्या गावची गाडी येते, ती सोडून देते आणि भलत्याच गाडीत चढून बसते. का, ते सिनेमात सांगत नाहीत. मला कळलं. त्या दिवशी कळ्या फडक्यावरच उमलल्या आणि मुलीचे बाबा म्हणाले, तब्येत बरी नाही का.

आणि माझा सगळ्यात आवडता, तो भुताचा. एका अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर एक भूतबाई राहत असते. नवीन भाडेकरू येतात, आणि त्यांना वाटतं ही घरमालकाने लावून दिलेली कामवाली. तिला भांडी घासायला लावतात. ती घाबरवायला म्हणून उलटे पाय दाखवते, तर घरातली आजीबाई म्हणते, बाई, वात दिसतो, तेल चोळ. शेवटी ती भूतबाई पगार मागते. मी तो सात वेळा पाहिला. सातही वेळा वीतभरच.

आता ईनबाईंचं लिहिते, कारण ते लिहायला म्हणूनच वही काढली होती.

मागच्या हिवाळ्यात मुलीचं लग्न झालं. अकोल्याला दिली, जठारपेठेत. विहिणीला आमच्याकडे ईन म्हणतात. माझी ईनबाई उंच, आवाज खणखणीत, आणि घरात तिच्या शब्दापुढे कोणाचा शब्द नाही. वाईट नाही, पण मनात आलं ते तोंडात. मी तिच्यासमोर बसले की माझा पदर आपोआप बोटाभोवती गुंडाळला जायचा. मुलगी त्या घरात नवीन. तिचं तिथे कसं निभतं, हे या बाईच्या मर्जीवर. माझी आई मला सांगायची, पोरीच्या आईनं तिच्या सासरी जाताना जीभ घरी ठेवून जावं. माझ्यासाठी ते काही अवघड नव्हतं. मी ठरवलं, ईनबाई म्हणतील ते चांगलं.

पण पहिल्याच भेटीत पंचाईत झाली. आमच्या घरी एक जुनी रीत अजून पाळतात. मुलीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरी जेवायचं नाही. पाण्याचा घोटही नाही. मी गेले तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. ईनबाईंनी पाट मांडला, ताट वाढलं. मी हात जोडले. त्यांनी सरबत आणलं. मी पुन्हा हात जोडले.

"अवं, पाणी त घ्या. अमरावतीहून आल्या, तोंड पाहा कसं झालं!"

"नको ईनबाई. रीत आहे."

"रीत आहे म्हणून काय माया दारात चक्कर येऊन पडसान? लोक म्हणतीन, ईनीले उपाशी मारलं."

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी, तोंड उतरलेलं. मी दोन तास कोरड्या तोंडाने बसले. ईनबाई समोर बसून माझ्या कोरड्या तोंडाकडे पाहत होत्या. निघताना त्या एकदम म्हणाल्या, "पुढच्या खेपेले आपण बाहेर भेटू. टॉकीज काई माया पोराचं घर नाई. तिथं त खासान?"

मी घरी येऊन विचारलं. टॉकीजमध्ये ईनबाईसोबत खाल्लं तर चालतं का? मुलीच्या बाबांनी त्यांच्या चुलत्याला फोन केला. चुलत्यांनी आणखी कोणाला केला. शेवटी असं ठरलं की जुन्या लोकांनी टॉकीजबद्दल काही सांगून ठेवलेलं नाही, म्हणजे हरकत नाही.

तेव्हापासून दर महिन्याला एक सिनेमा. मी सकाळच्या बसने मूर्तिजापूरवरून अकोल्याला जायची, अर्ध्या तिकिटात. बाहेर अकोल्याचं ऊन आणि आत थंडगार. ईनबाईंसाठी गजरा न्यायचा म्हणजे बांधून नेता येत नाही, त्या बसमध्ये तो कोमेजून जातो. म्हणून मी ओल्या फडक्यात कळ्या न्यायची आणि सिनेमा चालू झाला की अंधारात बांधायची. संपला की ईनबाईंच्या केसांत माळून द्यायची. याच्यात काही चूक आहे, असं मला वाटलंसुद्धा नाही.

ईनबाईंना रडायचे सिनेमे आवडतात. पहिला होता एका आईचा. तीन मुलं, तिन्ही मोठ्या हुद्द्यावर, आणि आई एकाच लुगड्यात. तिला पहिल्या दृश्यापासून खोकला. तीन तास ती खोकते. तीन मुलं, तीन सुना, दोन डॉक्टर, पण कोणाला आल्याचा तुकडा द्यायचं सुचत नाही. ईनबाई हुंदके देऊन रडत होत्या.

"तुमी रडत नाई काहो?" त्यांनी नाक पुसत विचारलं.

"आतून रडते," मी म्हटलं.

"कसा वाटला मंग?"

"चांगला होता."

दुसरा चैत्रातला, एका सुनेचा. सासरचे तिला छळतात आणि ती बोलत नाही. सिनेमाभर बोलत नाही. मी स्वतः गप्प बाई आहे, पण इतकी नाही. आपल्या नावावर चोरी आली तर मीसुद्धा "मी नाही" एवढं म्हणेन. शेवटी सासूला पश्चात्ताप होतो आणि ती सुनेचे पाय धरते. तेव्हा ईनबाईंनी माझ्या मुलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मी काई पाय धरणार नाई, सांगून ठेवते." मुलगी हसली. मला बरं वाटलं. मध्यंतरात आम्ही तिघींनी समोसे खाल्ले.

"कसा वाटला?"

"चांगला होता."

"मले ठाऊकच होतं. तुमच्यासारख्या साध्या बाईले असेच आवडतात." आणि त्या खूश होऊन गजरा चाचपत घरी गेल्या.

तिसरा मे महिन्यातला. त्या दिवशी जावयांनाही सुट्टी होती, म्हणून तेही आले. ईनबाईंनी हा सिनेमा आधीच दोनदा पाहिलेला होता आणि केवळ माझ्यासाठी तिसऱ्यांदा आल्या होत्या. भाऊ-बहिणीचा होता. बहीण नदीपलीकडे दिलेली, आणि भाऊ दर राखीला नदी पोहून जातो. तरुणपणी पोहतो, मग केस पांढरे झाल्यावर पोहतो, शेवटी काठी बाजूला ठेवून पोहतो. अख्खी टॉकीज रडत होती. आणि मी पहिल्या दृश्यात अडकून पडले होते. कारण पहिल्या दृश्यात बहिणीची वरात निघते, तेव्हा मागे, डाव्या हाताला, चांगला दगडी पूल दिसतो. त्याच्यावरून एक बैलगाडीही जाते. मग हा माणूस पोहतो काहून?

दिवे लागले. मी गजऱ्याला गाठ मारली आणि ईनबाईंच्या अंबाड्याला लावायला घेतला. तीन वेढे दिले तरी उरला. चौथा दिला, तरी खांद्यावर लोंबत राहिला.

मुलीने तोंडावर हात दाबला. पण जावई सरळ मनाचे. मुलीने लग्नानंतर त्यांना माझ्या गजऱ्याचं माप सांगून ठेवलं होतं. ते मोठ्यांदा हसले.

"अरे बापरे! पाच हात! आई, तू त म्हणे लय चांगला सिनेमा आहे!"

"मंग? गजऱ्याचा काय संबंध?"

आणि जावयांनी सांगितलं. वीतभर म्हणजे चांगला, पाच हात म्हणजे भंगार. सगळं, हसत हसत. मुलगी त्यांची बाही ओढत होती. मी खुर्चीला धरून उभी होते.

ईनबाईंनी खांद्यावरचा गजरा हातात घेतला. "मंग चैतातला?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. तो आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "तो त अर्धा शेजारणीनं तोडून नेला, तरी मले पुरला. मी साऱ्या जठारपेठेत दाखवला. म्हटलं, पाहा माई ईन कसा भरगच्च गजरा करते. आन त्याच्या आधीचा?"

तिन्ही गजरे लांब होते.

ईनबाई ऑटोत बसल्या आणि गेल्या. मुलगी मला स्टँडपर्यंत सोडायला आली. "काई नाई होत आई," ती म्हणाली, पण गाडी सुटेपर्यंत दोनदा म्हणाली.

त्याआधी मुलीचा फोन आला की मागून आवाज यायचा, "दे इकडे!" आणि ईनबाई फोन हिसकून घ्यायच्या. आता ते "दे इकडे" बंद झालं. एक आठवडा गेला, दोन गेले. मी मुलीला विचारलं, "तुले काई बोलतात काय?"

"नाई व. काईच नाई बोलत." मुलीने आवाज खाली घेतला. "पहिले भाजी केली की म्हणे, मीठ कमी पडलं, कांदा जाळला, तुया आईनं हेच शिकवलं काय. आता रोज एकच म्हणते. चांगली झाली. ताट सरकवते अन् म्हणते, चांगली झाली. आई, मले त्याच्यापेक्षा शिव्या पुरल्या."

मी फोन ठेवला आणि बसून राहिले. त्या घरात माझ्या मुलीला आता माझंच बोलणं वाढून मिळत होतं. "चांगली झाली." ते ऐकायला कसं लागतं, याचा मी आजवर विचार केला नव्हता.

त्या दिवसांत मी टीव्ही लावला नाही. गजरे मात्र सारखेच होत होते, ढिगाने. मुलीच्या बाबांनी आधी दोन दिवस आनंदाने टोपली भरली. तिसऱ्या दिवशी टोपली तशीच ठेवून म्हणाले, "लाव ना व तो भुताचा. घर कसं सुनं सुनं वाटून राहिलं."

मी टीव्ही लावला नाही. फोन घेतला. काय बोलायचं ते आधी या वहीत लिहून काढलं. ईनबाई, माझं चुकलं. माझ्या मनात काही नव्हतं. राग मुलीवर काढू नका. तीन ओळी. वही मांडीवर उघडी ठेवून मी नंबर लावला.

"हाव, बोला," ईनबाई म्हणाल्या.

मी वहीत पाहिलं. पहिली ओळ तोंडाशी आली आणि तिच्या जागी भलतंच बाहेर पडलं.

"ईनबाई, पूल होता."

"काय?"

"नदीवर पूल होता. पहिल्याच दृश्यात. वरात जाते तेव्हा मागे, डाव्या हाताला. त्याच्यावरून गाडी जाते. मग तो पोहतो काहून?"

तिकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं, फोन कटला. मग ईनबाई म्हणाल्या, "मी तीनदा पायला तो सिनेमा." आणि फोन खरंच ठेवला.

मी वहीकडे पाहिलं. तीनही ओळी तशाच होत्या. माफी मागायला फोन केला आणि भांडण लावून बसले. मुलीला काय तोंड दाखवू? आता ईनबाई तिच्या हातची भाजीही खाणार नाहीत.

तीन दिवसांनी, सकाळी, मी कळ्या निवडत होते. फाटक वाजलं. दारात ईनबाई. हातात पिशवी, कपाळावर घाम, अमरावतीचं ऊन डोक्यावर घेऊन आलेल्या. मी उठून उभी राहिले तर मांडीवरच्या कळ्या सगळ्या जमिनीवर सांडल्या.

"होता," ईनबाई म्हणाल्या.

"काय होता?" मी विचारलं.

"पूल. होता. काल चौथ्यांदा गेली. एकटी. पोराले सांगितलं नाई, सुनेलेही नाई. होता पूल, डाव्या हाताले." त्या पिशवी ठेवून खाटेवर बसल्या. "पण म्या वाटेत विचार केला. पुरात बंद ठेवत असतीन तो पूल."

"पूर मध्यंतरानंतर येतो," मी म्हटलं. "त्याच्या आधी तो दोनदा पोहून येतो."

"मंग पुलावर जकात लागत असन!"

"गाडी फुकट गेली. कोणी अडवलं नाही तिला."

"मंग भावाले पाण्याची आवड असन! तुमचं काय जाते?"

ते त्यांनी इतकं रागाने म्हटलं की मला हसू आलं. आधी मी पदर तोंडात धरला. मग ईनबाईंनाच हसू फुटलं. आम्ही दोघी बसून हसलो, आणि सांडलेल्या कळ्या तशाच राहिल्या.

हसणं थांबल्यावर त्या म्हणाल्या, "माया घरात मले कोणी खरं सांगत नाई. पोरगा हाव म्हणते, त्याचा बाप हाव म्हणते. तुमीही चांगला-चांगला करत बसल्या. मी कोणासंग बोलू?" मग पदराने तोंड पुसलं. "जेवाले काय केलं? मले भूक लागली. माया अंगावर तुमची रीत चालत नाई."

मी वरण-भात, भाकर, वांग्याची भाजी वाढली. त्या पोटभर जेवल्या आणि म्हणाल्या, भाजीत तेल जास्त झालं. मला फार बरं वाटलं. मी म्हटलं, जास्त नाही, आमच्याकडे एवढंच लागतं. असं मी त्यांना पहिल्यांदाच म्हटलं.

मग त्यांनी हुकूम सोडला. "आता तुमाले आवडते तो लावा. वीतवाला."

मी भुताचा लावला. मोबाइलवरून टीव्हीला जोडायचं मुलीने शिकवून ठेवलं होतं. जोडेपर्यंत थोडा वेळ लागला. तोवर ईनबाईंनी दोरा ओढून घेतला. त्यांचं माहेरही बागेवाल्यांचं. "मी पोरगी होती तवा तासाले चार हात करत होती," म्हणाल्या, आणि खरंच, सिनेमा चालू होईपर्यंत त्यांनी हातभर गजरा बांधून, तोडून, माझ्यासमोर टाकला. बोटं तयार होती. मग दुसरा दोरा घेतला आणि म्हणाल्या, "आता पाहा. या सिनेमात मी पाच हात करून दाखवते. भुताचा सिनेमा, लेकरायचा खेळ."

मी त्या दिवशी टीव्हीकडे पाहिलंच नाही. मी ईनबाईंच्या बोटांकडे पाहत होते. भूतबाई भिंतीतून आली तोवर बोटं भराभर चालत होती. भाडेकरीण तिला "बाई, उशीर केला तुम्ही" म्हणाली, तेव्हा बोटं हळू झाली. तेलाच्या ठिकाणी ईनबाई "अवं माय!" म्हणून खाटेवर मागे पडल्या आणि कळी चुरगळली. पगाराच्या ठिकाणी दोरा कुठे गेला ते त्यांना माहीत नव्हतं. तो पायाशी पडलेला होता.

सिनेमा संपला. मुलीचे बाबा दारात येऊन उभे होते, तेही कधी आले ते कळलं नव्हतं.

"कसा वाटला?" मी विचारलं. आजवर लोकच हे मला विचारत आले, मी कधी कोणाला विचारलं नव्हतं.

ईनबाईंनी तोंड सरळ केलं. "काई खास नाई. भूत काय पगार मागते? उगाच काईतरी."

मी खाली वाकले, त्यांच्या पायाशी पडलेला दोरा उचलला आणि त्यांच्यासमोर धरला. मोजून एक वीत. तीही पुरती नाही.

ईनबाईंनी दोऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पंखा लय जोरात होता," त्या म्हणाल्या. "दोरा उडून राहिला होता."

"पंखा तर बंद आहे," मुलीचे बाबा दारातून म्हणाले. वीज मघाच गेली होती, आमचा टीव्ही इन्व्हर्टरवर चालत होता.

एवढ्यात मुलीचा फोन आला. घाबरलेली होती. "आई, इथं सासूबाई घरी नाईत. सकाळपासून काई सांगितलं नाई..."

मी काही सांगायच्या आत मागून आवाज आला.

"दे इकडे!" आणि ईनबाईंनी फोन माझ्या हातातून हिसकला. "हाव, मीच आहे. तुया आईकडे. काल काय भाजी केली होती व तू? मीठ किती टाकते? सांगावं म्हटलं त राहून गेलं."

फोनमधून मुलगी काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. हसल्याचं ऐकू आलं.

संध्याकाळच्या बसला मी त्यांना सोडायला स्टँडवर गेले. आधी बांधलेला हातभराचा गजरा मी त्यांच्या केसांत लावायला घेतला. त्यांनी तो पिशवीत टाकला. "हा सुनेले. मले तो दुसरा द्या." वीतभराचा तो दोरा, त्याला मी गाठ मारून दिली. अंबाड्याला वेढासुद्धा पुरला नाही, पिनेने अडकवावा लागला. गाडी सुटेपर्यंत त्या खिडकीतून सांगत होत्या की तो पूल बहुतेक दुसऱ्याच नदीवरचा असेल.

त्या वीतभर गजऱ्यानिशी त्या अकोल्याला गेल्या. जठारपेठेत कोणीतरी विचारलंच असेल, की ईनीनं या वेळी एवढासाच काहून दिला.